चार फोटो, तीन हार

फ्रान्सहून चार वादक कोल्हापुरात येणार होते. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. आमच्या संगीत मंडळानं त्यांचा इतिहास सांगायचं काम माझ्या गळ्यात मारलं. पत्रकात त्यांच्या संचाच्या चार संस्थापकांचे फोटो होते. त्यांतला आज वाजवणारा एकच, म्हातारा व्हायोलावादक. बाकी तिघांच्या जागी नवे आलेले.

मी कागलच्या भजनी मंडळात वाढलो. आमच्यात भांडणं होतात, अबोला धरतात, पण गुरुवारी सगळे टाळ घेऊन हजर. जागा रिकामी होते ती माणूस गेल्यावरच. म्हणून त्या तिघांना मी मनातल्या मनात पोचवून टाकलं, कुणाला विचारलंसुद्धा नाही. अध्यक्षांनी फोटो मोठे करून आणले आणि तिघांना हार घातले.

दिवा लावून झाल्यावर मी इतिहास वाचला आणि श्रद्धांजलीसाठी सगळ्यांना उभं केलं. म्हाताऱ्यानं शेजारच्या दुभाषी बाईंना काहीतरी विचारलं. उत्तर ऐकून तो पांढराफटक पडला. पहिल्या फोटोपाशी गेला, हाराला हात लावला आणि मटकन खुर्चीत बसला.

बाई माझ्याकडे धावत आल्या. "ते विचारताहेत, माझा मित्र कधी गेला? तुम्हाला कुणी कळवलं?"

"म्हणजे... ते हयात आहेत?"

"त्यांना तरी कुठं ठाऊक! लयीवरून भांडण झालं आणि मित्र सोडून गेला. तेव्हापासून बोलणं नाही. बाकी दोघं तर नुसते निवृत्त झालेत!"

अध्यक्ष माझ्यावर खेकसले, "आवं मास्तर, माणूस जिता हाय का न्हाय, एवढं तरी बघायचं की!"

म्हाताऱ्यानं मोबाइल काढला. भांडल्यावरही नंबर पुसला नव्हता. बाईंनी फोन लावून स्पीकर सुरू केला. रिंग वाजत राहिली. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. चुकून माझंच खरं निघालं तर?

पलीकडून एक खरखरीत, वैतागलेला आवाज आला. म्हातारा नुसता रडत राहिला. मी जाऊन तिन्ही हार काढले.

मग चौघं वाजवायला बसले. फोन सुरूच होता, म्हाताऱ्याच्या पायाशी. पहिला तुकडा संपला तसा फोनमधला आवाज काहीतरी गुरगुरला. बाईंनी सांगितलं, "म्हणताहेत, तू अजून घाईच करतोस."

म्हाताऱ्यानं डोळे पुसले, बाकी तिघांना खूण केली आणि तोच तुकडा पुन्हा धरला. या वेळी सावकाश.