बोंडूंचा हंगाम आणि समितीचा

माझ्या साडूंइतका आशावादी माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात नसेल, आणि आशेने इतका छळलेलाही नसेल. वेंगुर्ल्याजवळच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. काजूची बी काढून घेतली की उरलेली रसाळ फळं, म्हणजे बोंडू, झाडाखाली कुजत पडतात, ते बघून या गृहस्थाच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या रसावर यीस्ट वाढवून औषध कंपन्यांना लागणारा माल इथेच गावात करायचा, हा त्यांचा ध्यास. लेकीला बायोटेक्नॉलॉजी शिकवली तीही त्यासाठीच. कारखाना झाला की पोर घरी राहील! फ्रिजात सोलकढीशेजारी यीस्टच्या बाटल्या असायच्या. एकदा त्यातली एक मी ताक समजून प्यायलो, तर माझ्या पोटाची चौकशी राहिली बाजूला, "चव कशी लागली?" म्हणत हे वही घेऊन समोर बसले.

अशा कारखान्यांसाठी सरकारचं धोरण चांगलंच आहे हो, कागदावर. जिल्ह्याने जागा राखली, पाटीही लावली. पण विद्यापीठाच्या समितीने कच्चा माल डोळ्यांनी पाहून शिफारस केल्याशिवाय कारखान्याला शेड मिळणार नव्हती. आता बोंडू मार्च ते मेमध्ये, आणि तेव्हा प्राध्यापकमंडळी परीक्षा नि पेपर तपासणीत बुडालेली. म्हणून समिती यायची ती भर श्रावणात! साडू त्यांना छत्री धरून ओली झाडं दाखवायचे आणि शेरा पडायचा, "कच्चा माल आढळला नाही." एका वर्षी त्यांनी मासेवाल्याच्या बर्फाच्या पेटीत बोंडू जपून ठेवले. झाकण उघडलं मात्र, सगळ्यांचे रुमाल नाकाला! "मालास बांगड्याचा वास," असा शेरा आला. मी पोट धरधरून हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. "समितीक बोंडू दाखवल्याशिवाय मी सोडूचंय नाय," एवढंच ते म्हणाले होते.

चार वर्षं लेक शिकवण्या घेत थांबली. यंदा जानेवारीत हैदराबादेहून नोकरीचं पत्र आलं, तेव्हा तिने ते बापाच्या हातात दिलं. शेवटी साडूच म्हणाले, "जा गो बाय. माझ्याबरोबर तू कित्याक कुसतंस?" ती गेली.

आणि यंदा परीक्षा लांबल्या म्हणून एप्रिलातच समिती आली! झाडं तांबड्या-पिवळ्या बोंडूंनी लगडलेली. अध्यक्षबाई खूश होऊन म्हणाल्या, "वा सर! आणि तांत्रिक बाजू कोण सांभाळणार?"

"मुलगी सांभाळणार होती," साडू म्हणाले. कचेरीत बोलतात तसं, शुद्ध मराठीत.

गाडी गेल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला. मला वाटलं, आता सगळं सांगतील. "जेवलंस मा?" एवढंच विचारलं त्यांनी. समिती येऊन गेल्याचं सांगितलंच नाही.