हिराकशीची शाई

केशवराव पत्रिका लिहायचे. छापायचे नाहीत, हातानं लिहायचे. जोशी कुंडली मांडून कच्च्या कागदावर आकडेमोड द्यायचा आणि केशवराव ती लांब कागदावर देखण्या अक्षरात उतरवायचे. वर गणपती, खाली कुंडलीची चौकट, मग ग्रहांचे तक्ते आणि अगदी शेवटी कोपऱ्यात स्वतःचं नाव. सौसर, पांढुर्णा, मोहगाव, रामाकोना, एवढ्या मुलखात सुबक पत्रिका दिसली की ती त्यांचीच, हे सांगायला नाव वाचायची गरज पडत नसे.

हात असा आणि स्वभाव विचारू नका. सौसरला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, त्यामुळे तो स्वभाव मी आठवड्यातून दोनदा सोसला आहे. शाईची बाटली हातात घेतली की पहिला प्रश्न ठरलेला.

"मधुकर, पाणी टाकलं का रे हिच्यात?"

"सील आहे केशवराव."

"सील काय, कोणीही लावते."

मग खिशातून निबांची डबी निघायची. काउंटरवर टीपकागद पसरून ते प्रत्येक निबेनं एकेक रेघ ओढायचे, आणि मागे गिऱ्हाईक ताटकळत उभं. दूधवाला, पोस्टमन, शिंपी, सगळे आपल्याला फसवायला टपलेत अशी त्यांची खात्री होती. मी वीस वर्षांत त्यांना एकदाही फसवलं नाही, हे त्यांना पटलंच नाही. मला त्याचा राग यायचा, अजून येतो.

पण शाईचं ज्ञान मात्र पक्कं, निदान मला तसं वाटायचं. फौंटन पेनची बाटलीतली शाई त्यांच्या लेखी चिठ्ठीपुरती. ओलं बोट लागलं की पसरते, म्हणून पत्रिकेला वर्ज्य. काजळ आणि डिंक घोटून केलेली शाई दाट. ती टाकाच्या बारीक निबेत अडकते, पण रुंद कापलेल्या निबेतून अलगद उतरते, म्हणून ठळक मथळे तिनं लिहायचे. आणि या सगळ्यांची राणी म्हणजे हिराकशीची शाई. हिरडा उकळून त्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, विरघळवायचं. लिहिताना ही शाई फिकट दिसते, दुसऱ्या दिवशी काळीभोर होते आणि पाण्यानंही जात नाही. तिची खोड एकच. ती लोखंड खाते. नवी निब महिन्याभरात खरबरीत होऊन जाते. म्हणून तक्त्यांची बारीक अक्षरं सोडली तर केशवरावांनी तिची गाठ बोरूशी घातली होती. बोरू म्हणजे कापलेली काडी, तिला काय गंजायचं आहे? कुंडलीची चौकट ते जाड बोरूनं, हिराकशीच्या शाईत बुडवून, दोनदा गिरवून काढायचे. तारुण्यापासून तोच शिरस्ता.

"कोणत्या निबेला कोणती शाई सोसते ते पाहावं लागते," ते मला सांगायचे. "बाकी सारं सोपं हाय."

त्यांची मुलगी जयश्री बी.ए. होऊन प्राथमिक शाळेत शिकवत होती. पंच्याऐंशी साल उजाडेपर्यंत तिची चार स्थळं केशवरावांनी मोडली होती. एका मुलाचा बाप फार हसतो म्हणून, एकाच्या फोटोला रंग दिलाय असं वाटलं म्हणून. उरलेल्या दोघांची कारणं त्यांनाही सांगता आली नाहीत. पाचवं स्थळ पांढुर्ण्याच्या यशवंतरावांच्या दिलीपचं. मुलगा सिंचन खात्यात होता. तो सौसरला येऊन जयश्रीला पाहून गेला आणि या खेपेला पहिल्यांदाच जयश्री आपणहून आईला म्हणाली, "मला पसंत आहे." तिच्या आईनं, म्हणजे वहिनींनी, ते माझ्या बायकोला सांगितलं. वहिनींचे डोळे भरून आले होते म्हणे. आता फक्त पत्रिका जुळायची राहिली होती.

पत्रिका आणायला केशवराव मला सोबत घेऊन पांढुर्ण्याला गेले. साक्षीदार असावा म्हणून. यशवंतराव निवृत्त मास्तर, मितभाषी आणि नीटनेटके. त्यांनी पत्रिका हातात दिली. केशवरावांनी ती वाचली नाही. आधी पालथी करून पाहिली, मग नाकाशी नेली, मग बोट ओलं करून जन्मशकावर घासलं. बोट निळं झालं.

"सत्तावन सालचा जन्म ना जी मुलाचा?"

"हो."

"अन् शाई यंदाची? कागद कोरा करकरीत. लिहिणाऱ्याचं नावही नाही. मधुकर, पाहा बरं."

मी पाहिलं. बाटलीतली निळी शाई होती, मीच विकतो तसली. मी म्हणालो, "हो, बाटलीतलीच दिसते." गप्प बसलो असतो तर माझं काही बिघडणार नव्हतं.

"नवी उतरवून घेतली," यशवंतराव म्हणाले. "जुनी खराब झाली होती."

"मग जुनी दाखवा."

यशवंतरावांनी एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा केशवरावांकडे. "ती दाखवण्यासारखी नाही. राहू द्या."

"काहून राहू द्या? जुनीत मंगळ असन, तो नवीत गाळला असन! लेकीच्या बापाले फसवून राहिले का तुम्ही?"

आतल्या दारात यशवंतरावांची बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. यशवंतरावांनी पत्रिका हळूच परत घेतली, गुंडाळली आणि म्हणाले, "चहा घ्या, मग या." आम्ही चहा न घेताच निघालो. परतीच्या बसमध्ये केशवराव खुशीत होते. त्यांनी चोर पकडला होता. पुढचे कित्येक दिवस सौसरच्या प्रत्येक ओट्यावर त्यांनी ती गोष्ट रंगवून सांगितली, आणि शाईच्या बाबतीत मीही मान डोलावली.

जयश्री शाळेला जायची, यायची. दुकानात खडू न्यायला आली की माझ्याकडे पाहायची नाही.

चारेक महिन्यांनी मी माल घ्यायला पांढुर्ण्याला गेलो होतो. बसस्टँडवर यशवंतरावांनी मला गाठलं. "दोन मिनिटं घरी या," म्हणाले. मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. त्यांनी कपाटातून पेढ्याचा एक पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर उघडला.

आत जुनी पत्रिका होती. म्हणजे तिचं जे उरलं होतं ते. बारीक निबेनं लिहिलेले तक्ते शाबूत होते, ठळक मथळेही होते. पण कुंडलीची चौकट जिथं होती तिथं नुसती भोकं. जाड रेघा जिथून गेल्या होत्या तिथला कागद तपकिरी होऊन जळाल्यासारखा फाटला होता, आणि कुंडलीची बाराही घरं सुटी होऊन डब्याच्या तळाशी पडली होती. खाली कोपऱ्यात, त्याच देखण्या अक्षरात, केशवरावांचं नाव.

मी ते नाव दोनदा वाचलं.

"जोश्यानं त्यांच्याकडून लिहून घेतली होती," यशवंतराव म्हणाले. "त्यांना आता आठवतही नसन. स्थळ आलं तेव्हा डबा काढून पाहतो तर हे असं. आता होणाऱ्या व्याह्यापुढे त्याच्याच हातचं काम असं कसं ठेवू? म्हणून उतरवून घेतली. अन् त्यांनी माझ्या पोराले मंगळ लावला."

"त्या दिवशीच सांगायचं होतं जी," मी म्हणालो.

"इतकं बोलल्यावर? अन् तुमच्यासमोर?" ते डबा बंद करत म्हणाले. "दिलीपचं आता जमलं. मोहगावची मुलगी आहे, साखरपुडाही झाला. पण सौसरात अजून लोक म्हणतात आमची पत्रिका खोटी. एवढं मात्र मिटवा तुम्ही."

मी केशवरावांना सगळं सांगितलं. त्यांचं पहिलं उत्तर काय असणार? "माझ्या नावानं दुसऱ्या कोणी लिहिली असन. तू पाहिलं का मले लिहिताना?" मी चिडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो, "उद्या चला अन् स्वतः पाहा!"

दुसऱ्या दिवशी गेलो. डबा उघडला तेव्हा केशवरावांनी नाव पाहिलं नाही, अक्षरांची वळणं पाहिली, आणि त्यांना कळलं. एक तुकडा उचलायला गेले तर तो बोटांतच चुरला. शाई निबेला काय करते हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. कागदाला काय करते हे पाहायला लिहिलेली पत्रिका परत त्यांच्याकडे कधी आलीच नव्हती. ती लोकांच्या ट्रंकेत जायची आणि तिथंच राहायची.

"किती लिहिल्या असतील मी अशा?" ते म्हणाले.

मग त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं, यशवंतराव. गावात मी स्वतः सांगतो सगळ्यांना." यशवंतरावांनी त्यांचे हात धरून खाली केले, पाणी आणवलं. निघण्याआधी केशवरावांनी ती नवी, निळ्या शाईतली पत्रिका पुन्हा मागितली आणि ओळीवर बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. बराच वेळ लागला. मधूनच बोटांच्या पेरांवर काही मोजत होते.

सौसरला मी त्यांच्या घरापर्यंत सोबत गेलो. एकट्याला सोडवेना. वहिनी चुलीजवळ होत्या. जयश्रीनं आम्हा दोघांना पाणी दिलं आणि उभी राहिली. तिला सगळं आदल्या दिवशीच कळलं होतं, मोहगावच्या मुलीचंसुद्धा.

"पाहिली का पत्रिका, बाबा?"

"पाहिली."

"मंगळ होता?"

"नव्हता."

"गुण किती जुळत होते?"

केशवरावांना खोटं बोलता येत नसे. जगभर संशय घेतला, पण स्वतः कधी खोटं बोलले नाहीत. "एकतीस," ते म्हणाले. "छत्तीसातले एकतीस. त्या दिवशी मी वाचलीच नव्हती, पोरी. शाईच पाहून राहिलो होतो."

त्या शाईवर हो म्हणणारा मीच होतो.

जयश्रीनं दोन्ही रिकामे पेले उचलले. "आकडा नसता सांगितला तरी चाललं असतं, बाबा," ती म्हणाली आणि मुलांच्या वह्या तपासायला आत गेली.