रामहरी सरांच्या नावावर शिकलेली सत्यशीला

सत्यशीला चौदा वर्षं शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल होती आणि पूर्णवेळ सगळ्यांच्या हाताखाली. धड कुलूप पुस्तकांच्या खोलीलाच, म्हणून त्या दुष्काळात टँकरच्या पाण्याचे ड्रमही तिथंच. मुलं पुस्तकं मागायला कमी, पाणी प्यायला जास्त यायची. शिक्षकांनी मोफत ऑनलाइन प्रशिक्षण केलंच पाहिजे, असा आदेश आला तेव्हा ते प्रत्यक्षात कोण करणार, हे कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

"ताई, तुम्हाला काय काम असतं तिथं बसून? माझे व्हिडिओ लावून द्या," म्हणत योगिनी मॅडम फोन ठेवून गेल्या. मागोमाग आणखी सात जणांचे फोन तिच्या टेबलावर आले. व्हिडिओ चालवायचे, प्रश्नांची उत्तरं द्यायची, प्रमाणपत्रं छापून ज्याच्या त्याच्या फायलीला लावायची. मुख्याध्यापक रामहरी सरांनी तर फोनसुद्धा दिला नाही.

"माझा नंबर नको, मेसेज येऊन डोकं उठतं. तुमचाच टाका."

तिनं टाकला.

पण त्या उष्ट्या कामात तिला गोडी लागली. त्याच संकेतस्थळावर शालेय ग्रंथपालांसाठी चाळीस तासांचा फुकट अभ्यासक्रम होता. गोष्ट मोठ्यानं कशी वाचावी, न वाचणाऱ्या मुलाच्या हाती आधी काय द्यावं, हे चौदा वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. उस्मानपुऱ्यातल्या घरी आठ-दहा दिवसांनी नळ यायचा. सासू चंपाबाई पाइप धरून म्हणायची, "पाण्याकडं मी बघते, तू तुझ्या फोनमधल्या मास्तरणीकडं बघ. पण भाकर करपू देऊ नको बाई, लई नाय मागत मी."

बिडकीनकडं कारखान्यांमागून वस्ती वाढत होती. तिथं संस्था नवी शाळा काढत होती आणि तिला पूर्णवेळ ग्रंथपाल हवी होती. हे प्रमाणपत्र सक्तीचं. मुलाखत सोमवारी. शुक्रवारी सत्यशीलानं प्रमाणपत्र छापलं. त्यावर नाव होतं रामहरी सरांचं.

नंबर तिचा, खातं त्यांचं. ओटीपी टाकला की पान उघडायचं. कोपऱ्यातलं नाव तिनं कधी बघितलंच नव्हतं. हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, "खातेदाराचं सही-शिक्क्याचं पत्र पाठवा, उद्या नाव बदलून देतो."

मधल्या सुट्टीत ती स्टाफरूममध्ये गेली.

"पत्रात काय लिहू? मी शिकलो नाही म्हणून?" रामहरी सर हसले. "अहो, शेवटी शाळेचंच नाव झालं ना? सकाळीच यादीत नाव बघून मी तर संस्थेला कळवूनही टाकलं."

"सर ग्रंथपाल झाले, पेढे कधी?" योगिनी मॅडमनी विचारलं. सगळे हसले.

हे लोक वाईट नव्हते. तिच्या घरच्या बारशाला आले होते, डब्यातली भाजी वाटून खात होते. पण तिचं डोकं म्हणजे ग्लास ठेवायचं फडताळ, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि तिनंही चौदा वर्षं तसं वाटू दिलं होतं, याचाच तिला जास्त संताप आला.

तिनं टेबलावरचं लेटरहेड ओढलं आणि उभ्याउभ्या पत्र लिहिलं. हे खाते माझे असले तरी अभ्यासक्रम श्रीमती सत्यशीला यांनी पूर्ण केला आहे. कागद सरांपुढं सरकवला.

"सही करा, सर. नाहीतर सोमवारी संस्थेला मी सगळंच सांगते. नऊ जणांची उत्तरं कुणी दिली, कुठल्या दिवशी दिली."

हसणं थांबलं.

"ताई, आम्हाला कशाला मध्ये ओढता?" योगिनी मॅडम म्हणाल्या.

"ओढत नाही, मॅडम. इतके दिवस वाहत होते."

"एवढ्याशा कागदासाठी इतक्या वर्षांचे संबंध तोडता?" सरांचा आवाज चिरकला.

"एवढासाच आहे, तर करा की सही."

त्यांनी केली, कागद फाटेल इतक्या जोरात. मग खुर्ची मागं ढकलून उठले. सत्यशीला दारात जाऊन उभी राहिली, वाट न देता.

"शिक्का राहिला, सर."