लगेच न मुरणारं तेल

थंडीत समोरच्या गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन येतं. परवा तिथे शेजारचे काका सतरंजीवर बसून, खुर्चीत बसलेल्या काकूंच्या पायांना उन्हात पातळ झालेलं खोबरेल तेल चोळत होते. पक्षाघातानंतर काकूंचं चालणं थांबलं, आणि बोलणंही जवळजवळ थांबलंच. पायांची कातडी कोरडी पडून पांढुरकी झाली होती.

कपडे वाळत घालता घालता मी विचारलं, "काका, चांगलं क्रीम आणून देऊ का?"

"डॉक्टर म्हणाले, तेल चालेल. आणि क्रीम लगेच मुरतं गं," काका हसले. "हे चोळत बसावं लागतं."

माझ्या आरशापुढच्या सगळ्या बाटल्यांवर तेच तर लिहिलंय, लगेच मुरतं, चिकटत नाही. मी ते घाईघाईने फासते आणि कामाला पळते. कातडीला ओलावा मिळतो खरा, पण कुणाचा हात काही तिच्यावर रेंगाळत नाही. माझाही नाही. काकांचा अंगठा मात्र टाचेवरून घोट्याकडे सावकाश फिरत होता. काकूंनी डोळे मिटले होते. इतक्या महिन्यांत त्यांच्या कपाळावरची आठी मला पहिल्यांदाच सैल दिसली.

थोड्या वेळाने काकांनी बाटलीला झाकण लावलं. "बरं वाटतंय? आत जायचं?"

काकूंचे ओठ हलले. शब्द जुळायला वेळ लागला.

"अजून," त्या म्हणाल्या.

काका क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि तळहातावर पुन्हा तेल ओतलं.