हात स्थिर राहावा म्हणून

नवऱ्याला नेमबाजीच्या रेंजवर पाठवायची कल्पना माझी. उगाच दुसऱ्या कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही.

लेक तेरा वर्षांची झाली आणि तिच्या डोक्यात एअर रायफलचं खूळ शिरलं. नवरा पुण्यात कॉलेजला असताना नेमबाजी करायचा, राज्य पातळीपर्यंत पोचला होता. मग नोकरी, लग्न, दुबई, आणि रायफलच्या जागी ग्लास. रोज रात्री. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही, सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हा ऑफिसला हजर. त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? आईला एकदा सांगून पाहिलं, तर म्हणाली, "घेतो तर घेऊ दे बाई, तुला त्रास तर देत नाही ना." त्यानंतर मी कुणालाच सांगितलं नाही.

रेंज आमच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या घरापासून लांब, रास अल खैमाच्या बाजूला. आत शिरताच मोठी पाटी होती: आदल्या रात्रीपासून दारू घेतली असेल तर बंदुकीला हात लावायचा नाही. ती वाचून मला देव भेटल्याचा आनंद झाला. इतकी वर्षं मी डोकं आपटून जे झालं नाही, ते ही पाटी फुकटात करणार होती. मी तिथेच नवऱ्याला म्हटलं, "बाहेरचा कोच कशाला? तूच शिकव हिला. शनिवारी सकाळी दोघं या, तूही खेळ." आधी नको नको म्हणाला. मग स्वतःसाठी नवं शूटिंग जॅकेट घेऊन आला, आणि बेडरूमच्या आरशासमोर कितीतरी वेळ उभा होता.

आणि खरंच, शुक्रवारची रात्र कोरडी जायला लागली. हा माणूस सोफ्यावर बसून आल्याचा चहा पीत होता. मी हुरळले. ऑफिसात, मंडळाच्या गणपतीत, जिथे तिथे मी नेमबाजीचं कौतुक सांगत सुटले. शिस्तीचा खेळ आहे हो, दारूला थाराच नाही. शेजारणीने तिच्या नवऱ्यालाही घालू का म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, यल्ला, उद्याच घाल.

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. वाटेत लेकीने तो नियम काढला. "ऑब्व्हियस आहे ना, बाबा. ड्रंक पीपल विथ गन्स." नवरा म्हणाला, "नुसतं तेवढंच नाही. घोटभर पोटात गेली की छातीतली धडधड कमी होते, हात स्थिर राहतो. आमच्या वेळी काहीजण मॅचच्या आधी गुपचूप एक मारून यायचे. ती फसवणूकच." लेक म्हणाली, "दॅट्स सो वीअर्ड." मी मागच्या सीटवर ऑफिसचे मेल बघत होते. ऐकलं सगळं, पण पुढे विचार केला नाही. करायचा नव्हता, असं म्हणणं जास्त खरं.

शनिवारी सकाळी हा वेलदोडे चघळायचा. रेंजवर एसी फार, घसा धरतो, असं कारण. डबी संपली की मी निमूटपणे भरून ठेवायची. स्वयंपाकघरात माझ्या नजरेतून साधी कोथिंबिरीची काडी सुटत नाही, पण वेलदोड्याचा वास कशावर पांघरूण घालतोय हे मी कधी हुंगून पाहिलं नाही. रेंजवर नवऱ्याला गुण चांगले पडत होते. लेक त्याच्याशी बोलायला लागली होती, तीही मराठीत. मोडकंतोडकं, पण मराठीत. त्या गाडीच्या प्रवासात बापलेकीचं जे जुळलं होतं ते मला मोडायचं नव्हतं.

मग क्लबने पालक आणि मुलांच्या जोड्यांची मॅच ठेवली. आदल्या आठवड्यात निरोप आला की त्या दिवशी रेंजवर उतरणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला दारातच मशिनमध्ये फुंकावं लागेल. नवऱ्याने तो वाचला आणि फोन उलटा ठेवला. मॅचच्या दिवशी सकाळपासून त्याच्या कपाळावर घाम होता. दारात त्याने फुंकलं. मशिनमध्ये काहीच आलं नाही. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी कळलं की तो इतका वेळ टांगणीला का होता.

दोघं शेजारशेजारच्या लेनमध्ये उभे राहिले. लेकीचे पहिले नेम छान लागले. याच्या रायफलची नळी हलत होती. गॅलरीतून, काचेच्या मागून मला दिसत होती, म्हणजे सगळ्यांनाच दिसत असणार. पहिला छर्रा टार्गेटच्या कडेला. दुसरा दिसलाच नाही. त्याने रायफल खाली घेतली, श्वास घेतला, पुन्हा उचलली. तिसरा छर्रा लागला तो लेकीच्या टार्गेटवर.

तिने आधी टार्गेटकडे पाहिलं, मग बापाकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मनात काय यावं? आज थोडी घेतली असती तर बरं झालं असतं. हे माझ्या मनात आलं, ज्या बाईने त्याची दारू सुटावी म्हणून सोळा सोमवार केले तिच्या.

नवऱ्याने रायफल रिकामी करून टेबलावर ठेवली आणि हात वर केला. रेंजची ऑफिसर, एक इमिराती बाई, धावत आली. तो तिला काहीतरी सांगायला लागला. तो काय सांगेल याचा मला भरवसा वाटेना. मंडळातली दोन कुटुंबं गॅलरीत होती. मी काचेचं दार ढकलून आत गेले आणि मोठ्याने म्हटलं, "शुगर! ही हॅज शुगर. लो झाली असणार."

मग काय विचारता. कुणी ज्यूस आणला, कुणी खजूर. ऑफिसरबाईने स्वतः खुर्ची ओढून त्याला बसवलं, "खलास, खलास, रेस्ट" म्हणाली. साखरेचा आजार नसलेला माझा नवरा सगळ्यांसमोर मुकाट्याने खजूर खात बसला. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. लेक जॅकेटची बटणं काढत उभी होती.

गाडी मी चालवली.

संध्याकाळी मी कणीक मळत होते तेव्हा ऑफिसरबाईचा फोन आला. हात भरलेले, म्हणून स्पीकरवर टाकला. तिने तब्येत विचारली, आणि म्हणाली, पुढच्या वेळी येताना डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, शुगर कंट्रोलमध्ये आहे म्हणून. मी "इन्शाल्ला, शुअर, शुअर" करत होते. नवरा आत आला आणि त्याने ओट्यावरून फोन उचलला.

"मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला, "मला शुगर नाही. मी पितो. तुमच्या रेंजवर इतके शनिवार आलो ते पिऊनच आलो. आज प्यायलो नव्हतो, म्हणून हात थरथरले."

मग ती हळू आवाजात म्हणाली की त्याला आता रायफल देता येणार नाही. मुलीने जरूर यावं, आईबरोबर. तो "शुक्रन" म्हणाला आणि फोन ठेवला.

लेक दारात उभी होती. किती ऐकलं कोण जाणे, बहुतेक सगळंच. ती रडली नाही. तिने बापाला काही विचारलं नाही, मला विचारलं.

"आई, डिड यू नो?"

कणकेचे हात तसेच धरून मी म्हटलं, "नाही गं. मला आजच कळलं."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलणार. आणि बोलला असता तर ते खरं असतं.

"हो," तो लेकीला म्हणाला, "आईला काही माहीत नव्हतं."