टेबलाखालचं बटण

“काढ. सगळं काढ.”

बोईसरच्या एका औषधाच्या कंपनीत मी पॅकिंगला होते. सुटी झाली की गेटाजवळ भिंतीवरचं बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर घरी जा, लाल लागला तर झडतीच्या खोलीत. दिवा आपोआप लागतो, त्यात कुणाचा हात नाय, असं आमाला सांगायचे. मंग तो लाल दिवा आमा पाड्यावरच्या बायांनाच कसा लागायचा?

त्या दिवशी मला लागला. गार्ड बाईनं सगळं काढायला लावलं, माझा परकर झटकून बघितला. दार अर्धं उघडं. दारात सिक्युरिटीचा साहेब, गुटखा चघळत. “या जंगलातल्या बायांचा भरवसा नाही. कुठं कुठं लपवतात!” म्हणाला. ती बाई फिदीफिदी हसली. माझ्याकडं काय निघालं? पाठीवरचं घामोळं. लाजेनं मेले मी. सरावलीला भाड्याच्या खोलीवर, आईकडं, येईपर्यंत दात खात होते.

पुढं ती गार्ड बाई काम सोडून गेली. साहेबानं मला बोलावलं.

“बारावी झालीस ना? या बायांची बोली पण येते तुला. गार्ड हो. परमनंट करतो.”

परमनंट! आई दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची. कंबर पार गेली होती तिची. “घे पोरी,” ती म्हणाली, “माझ्या विटा तरी सुटतील.” मी हो म्हणाले. गेटावर उभं राहायचं, नीट तपासायचं, कुणाला नागडं करायचं नाय, असं मनाशी ठरवून गेले.

पहिल्याच दिवशी साहेबानं झडतीच्या खोलीच्या दाराजवळच्या टेबलाखालचं दुसरं बटण दाखवलं. “हे दाबलं की बाहेर लाल. माणूस ओळखून दाबायचं. कळलं?”

मला कळलं. असं कळलं की कानशिलं तापली.

संध्याकाळी आमच्याच पाड्यावरची मावशी आली. तिनं भिंतीवरचं बटण दाबलं, साहेबानं टेबलाखालचं. लाल. खोलीत येऊन ती माझ्या कानाशी लागली. “पोरी, पाळी आलीय गं. आज नको.”

दारातून त्यानं ऐकलं. “त्यातच लपवतात. काढायला लाव.”

“मी नाय लावणार.”

“काय?”

“तुमच्या बायकोला लावाल काय?”

फाडकन मुस्काटात बसली. ओठ फाटला. केस धरून त्यानं माझं डोकं भिंतीवर आपटलं. “भिकारडे, वर्दी दिली तर माजलीस?” मंग वळला आणि स्वतःच मावशीच्या पदराला हात घातला. म्हातारी किंचाळली.

तिथं लोखंडी स्टूल होतं. मी उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. “आई गं!” करून खाली बसला. त्याला पण आई होती तर! दुसरा घाव मी टेबलाखाली घातला. बटण फुटलं, वायरी लोंबायला लागल्या. बाहेर बाया जमल्या होत्या. त्यांना ओढून आणून दाखवलं. “बघा गं! हा बघा तुमचा आपोआप लागणारा दिवा!”

पुरुष गार्डांनी मला काठ्यांनी सडकून काढलं. पोलीस केस पण माझ्यावरच झाली. चार बाया माझ्या बाजूनं बोलल्या, बाकीच्या घाबरल्या.

मंग कंपनीचा माणूस खोलीवर आला. “माफी मागून टाक. केस मागं घेतो. गार्डची जागा तुझीच.”

आईनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे ‘हो म्हण’ म्हणत होते. खोटं कशाला बोलू?

मी म्हणाले, “साहेबाला सांगा, हात बरा करून घे. परत कुणाच्या पदराला लावला तर दुसरा पण मोडीन.”

तो गेला. आई रडली, मला शिव्या दिल्या, आणि भट्टीवर जायचं बोचकं बांधायला बसली. मी ते ओढून घेतलं, तिचे कपडे बाहेर काढले, माझे भरले.

आता विटा मी थापते. पाठ वाकंल, वाकू दे. पण दुसऱ्या बाईच्या अंगावरचं कापड उतरवून मिळणारी भाकर मी खाणार नाय. कोर्टात विचारतील, मारलंस काय? हो, मारलं. परत मारीन.