नीळ ओकणारी मशीन
निळीची बाटली दिसली की मला वरोऱ्याच्या घरची मोरी आठवते. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साली आखाती देशातून आलेल्या काकांनी तिथे कपडे धुण्याची मशीन बसवली होती. दुसऱ्या दिवशी बुद्ध पौर्णिमा, म्हणून विहारात नेसायची एकुलती एक पांढरी साडी आईनं भीत भीत तिच्यात घातली. साबणाच्या खणाला तीन घरं होती. मधलं साबणाचं, एवढंच काकांनी सांगितलं होतं. फुलाचं चित्र असलेलं घर अत्तराचं असणार, असं धरून आईनं नीळ पहिल्या घरात ओतली. पहिलंच पाणी निळंशार होऊन मोरीतून वाहून गेलं आणि साडी पिवळटच निघाली. "माही नीळ मोरीत ओकली इनं! मले पहिलेच शक होता," आई कडाडली. "वहिनी, फुलाचं घर शेवटच्या पाण्याचं आहे, नीळ तिथं टाका," काका हसत म्हणाले. या खेपेला नीळ फुलाच्या घरात ओतून आई मशीनच्या काचेसमोर स्टूल टाकून पहाऱ्याला बसली. साडी लख्ख निघाली, तसे आईचे डोळे आणखी बारीक झाले. "म्हणजे इले सारं येत होतं. पहिल्यांदा मुद्दाम केलं इनं." आज माझ्या मशीनमधून कपडे जरा जास्तच स्वच्छ निघाले, की मलाही आधी मशीनचाच संशय येतो: आजवर ही मुद्दाम तर करत नव्हती ना?